सुरू होतो, पण होत नाही

कॉम्प्युटर बिघडण्याचे तसे दोनच प्रकार. पहिला म्हणजे मेलेला कॉम्प्युटर. बटण दाबा, काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, हूं नाही की चूं नाही. हा प्रकार मला मनापासून आवडतो (दुसऱ्याच्या घरी असेल तर!), कारण त्यात गोंधळ नसतो. वीज पोचत नाहीये. वायर बघा, सॉकेट बघा, पॉवर सप्लाय बदला, सुटलात.

दुसरा प्रकार जास्त छळवादी. हा कॉम्प्युटर सुरू होतो, पण त्याचं सुरू होणं काही पूर्ण होत नाही. दिवा लागतो, पंखा घुमतो, ओळखीचं चित्र येतं, खालची पट्टी फिरायला लागते. तुम्ही म्हणता, चला, चहा टाकून येऊ. परत येऊन बघता तर पुन्हा पहिलंच चित्र! लग्नात कसं, हातातल्या अक्षता घामाने भिजलेल्या असतात, 'सावधान' म्हणून झालेलं असतं, आता टाकणार तेवढ्यात मुलीकडची एखादी आत्या माईक हातात घेऊन आणखी एक मंगलाष्टक सुरू करते... तसंच हे. फरक इतकाच की आत्या कधीतरी थांबते.

आपण सॉफ्टवेअरवाले म्हटल्यावर घरच्यांचा एक ठाम समज असतो, की आपल्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. तुम्ही हापिसात आयुष्यभर बँकेचे रिपोर्ट तयार करणारं जावा लिहीत असा नाहीतर टेस्टिंग करत असा, गावी गेलात की प्रिंटर तुमचाच. डॉक्टरांचंही तेच होतं म्हणा. डोळ्यांच्या डॉक्टरला लग्नात लोक गुडघे दाखवतात. त्यामुळे गेल्या पंधरा-वीस वर्षांत असे अर्धवट सुरू होणारे बरेच कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आले. त्यातल्या एकाची गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी थोडी थिअरी. घाबरू नका, परीक्षा नाहीये.

कॉम्प्युटर 'बूट' होतो असं आपण म्हणतो, त्यातला बूट खरोखरच पायातला. बुटाला मागच्या बाजूला ओढायला एक पट्टी असते, तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्या बुटाची पट्टी धरून स्वतःलाच वर उचलायचं, या अशक्य गोष्टीवरून हा शब्द आला. आणि अडचण खरोखरच तशी आहे. डिस्कवरचा प्रोग्राम मेमरीत आणायचा तर ते करणारा एक प्रोग्राम आधीच मेमरीत हवा. मग त्याला कोण आणणार? आधी कोंबडी की आधी अंडं!

यावरचा तोडगा म्हणजे साखळी. वीज आली की प्रोसेसर डोळे झाकून एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. तिथे मदरबोर्डावरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा मुक्कामाला असतो, तो म्हणजे बायॉस. तो मेमरी, कीबोर्ड वगैरे हजेरी घेतो आणि डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो. हा तुकडा किती मोठा? फक्त ५१२ बाइट. त्यातले ४४६ बाइट सूचनांचे, ६४ बाइट डिस्कच्या वाटणीच्या नकाशाचे, आणि शेवटचे २ बाइट ओळखीच्या शिक्क्याचे. एवढुशा जागेत काय मावणार? इतकंच, की 'पुढचा माणूस अमुक ठिकाणी राहतो, त्याला उठव.' तो पुढचा उठतो, त्याच्यापुढच्याला उठवतो. मग विंडोजचा लोडर येतो, तो कर्नल आणतो, कर्नल ड्रायव्हर उठवतो, ड्रायव्हर यंत्रं जागी करतात, आणि शेवटी तुमचा डेस्कटॉप येतो, त्यावर मुलांचे फोटो. (नव्या मशीनवर बायॉसच्या जागी यूईएफआय आलं आहे आणि तपशील बदललेत, पण साखळी ती साखळीच.)

यातली गंमत अशी की साखळीतल्या कुणालाच पूर्ण गोष्ट माहीत नसते. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा माहीत. म्हणून जो कॉम्प्युटर अर्ध्यात अडकतो तो खरं तर खूप काही सांगत असतो. पंखा फिरतोय पण पडदा काळा आणि बीप-बीप चाललंय? बहुधा मेमरीच्या पट्टीचा काही घोळ. (पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसणे हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय, आणि तो बऱ्याचदा चालतोही.) काळ्या पडद्यावर 'बूट करायला डिस्क सापडत नाही' आलं? डिस्क बघा, तिची वायर बघा, आणि सगळ्यात आधी कुणी पेनड्राइव्ह विसरलंय का ते बघा. विंडोजचं चित्र येऊन अडकतोय? म्हणजे पहिले चार जण आपापलं काम करून गेलेत, घोटाळा पाचव्याजवळ आहे.

आणि इथेच लोक फसतात. विंडोज एक्सपी सेफ मोडमध्ये सुरू केली की ड्रायव्हरांच्या नावांची लांबलचक यादी पडद्यावर पडायची. बऱ्याच मशीनवर तिच्यात शेवटचं नाव असायचं मप डॉट सिस. मशीन तिथे गोठली की लोक त्या बिचाऱ्या मपच्या नावाने खडे फोडायचे. ती फाईल काढून टाक, दुसरी आणून टाक... वास्तविक मपचं काम नेटवर्कवरच्या फोल्डरांचं, त्याचा या भानगडीशी सहसा काही संबंध नसायचा. तो फक्त हजेरीपटावरचा शेवटचा मुलगा. त्याच्यानंतर कर्नल प्रत्यक्ष यंत्रांना हात घालायला लागायचा, आणि मशीन मरायची ती तिथे. जो शेवटचा दिसला त्याने आपलं काम केलेलं असतं, गुन्हेगार त्याच्यानंतरचा असतो. हे एवढं वाक्य मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर माझे निदान शंभर तास वाचले असते.

तर आता अण्णा.

अण्णा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. सांगलीला गावभागात घर, हायस्कुलात मराठी-संस्कृत शिकवून रिटायर झालेले. त्यांनी १९९६ पासून एक काम अंगावर घेतलं होतं, आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी : कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या, एका मूळ गावाच्या सगळ्या शाखांची वंशावळ, कोण कुठून कुठे गेला, कोण कुणाला दत्तक गेला, कुणाच्या किती मुली कुठे दिल्या, सगळं. अण्णांनी त्यासाठी गावोगाव जोडकार्डं पाठवली, त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या चोपड्यांतून नावं उतरवून आणली, मोडी शिकून घेतली. सुरुवातीला सगळं फुलस्केप कागदांवर होतं. मग २०१० मध्ये त्यांनी एका ओळखीच्या दुकानातून कॉम्प्युटर जोडून घेतला, विंडोज एक्सपीवाला, आणि त्यात मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर. एका बोटाने टाइप करत आठ वर्षांत चारशेच्या वर पानं झाली.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मी सहज फोन केला. गणपतीला यायचं का, वगैरे. काकू बोलता बोलता म्हणाल्या, "ह्यांचं काही खरं नाही. दीड महिना झाला, ते मशीन बंद आहे. दिवसभर पेपर वाचतात आणि चिडचिड करतात."

मी म्हटलं, "अण्णांना द्या."

"काही नाही गं," अण्णा. "तुझी कामं असतात. कशाला उगाच."

"काय होतंय पण?"

"सुरू होतो, पण होत नाही."

वर्णन अचूक होतं. पुढचं वाक्य ऐकून मात्र माझ्या हातातला मोबाईल पडायचा बाकी राहिला. "इथला एक मुलगा बघून गेला. तो म्हणाला फॉरमॅट मारावं लागेल. परवा येतोय."

आता त्या मुलालाही दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दिवसाला दहा मशीन बघायची असतात, आणि दहातल्या नऊंवर सिनेमे आणि गाणी असतात. फॉरमॅट मारलं की रोग कुठलाही असो, रोगी नव्याने जन्माला येतो. पण ज्या मशीनवर एका माणसाची आठ वर्षं बसलेली आहेत तिथे 'फॉरमॅट मारू' हे वाक्य म्हणजे दाढ दुखते म्हणून डोकं काढण्यापैकी आहे. "त्याला येऊ देऊ नका, मी शनिवारी येते," असं सांगून मी फोन ठेवला.

शुक्रवारी रात्री स्वारगेटहून एसटी पकडली. पिशवीत एक एक्स्टर्नल डिस्क, उबुंटू टाकलेला एक पेनड्राइव्ह, स्क्रू-ड्रायव्हरांचा संच.

तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? डिस्क काढायची, दुसऱ्या मशीनला लावायची, फाईली कॉपी करायच्या, झालं. मलाही ते सुचलं होतं, पण यात एक अडचण होती. अण्णांचं ते टायपिंगचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच आहे, पण आपल्या छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं जुनेच फाँट चालत राहिले. त्या फाँटात पडद्यावर चित्र दिसायचं मराठी अक्षराचं, पण आत साठवलेला क्रमांक असायचा एखाद्या इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा. तो फाँट असेल तर कुलवृत्तांत, नसेल तर मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा मजकूर. शिवाय फाईली त्या सॉफ्टवेअरच्या खास प्रकारातल्या, दुसरं कुणी उघडू शकत नाही. आणि सॉफ्टवेअर चालायला मागे यूएसबीत एक कुलूप लावलेलं. हार्डवेअर लॉक, ज्याला सगळे डाँगल म्हणतात ते. थोडक्यात, डिस्क वाचता येणं पुरेसं नव्हतं. तोच कॉम्प्युटर, त्याच एक्सपीसकट, शेवटपर्यंत सुरू व्हायला हवा होता.

सकाळी चहा झाल्यावर मी अण्णांना आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न विचारला. "बंद पडायच्या आधी काय बदललं?"

याचं जगातल्या सगळ्या युजरांचं उत्तर ठरलेलं असतं, 'मी काहीच केलं नाही.' अण्णांनीही तेच दिलं. पण पुढे ते म्हणाले, "थांब, डायरीत बघतो." आणि त्यांनी डायरी आणली! रोज रात्री दोन ओळी लिहायची त्यांची सवय. मी अक्षरशः उतरवून घेतल्यात :

'घड्याळ रात्रीतून मागे पडते. संगणकातले. भिंतीवरचे ठीक आहे.'

'आज संगणकाची तारीख चुकीची. दुरुस्त केली.'

'पुन्हा चुकीची.'

आणि मग चार दिवसांनी : 'काळ्या पडद्यावर इंग्रजी मजकूर. एफ१ मागतो. दिला. नंतर विंडोजचे चित्र, पट्टी दोन-तीनदा फिरते, क्षणभर निळे काहीतरी, आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा केले. बंद केला.'

इतका चांगला बग रिपोर्ट मला हापिसात आजवर मिळालेला नाही. आमच्याकडे येतात ते 'इट इज नॉट वर्किंग, प्लीज डू द नीडफुल.'

डायरी वाचूनच अर्धं निदान झालं होतं, पण आधी कॉपी, मग निदान, हा नियम. पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू केलं. व्यवस्थित सुरू झालं. डिस्क दिसली, फाईली दिसल्या, डिस्कची प्रकृतीही ठणठणीत निघाली. सगळं एक्स्टर्नल डिस्कवर उतरवून घेतलं. म्हणजे मेमरी ठीक, डिस्क ठीक, वायर ठीक. पडद्याच्या कोपऱ्यात मात्र तारीख होती १ जानेवारी २०१०. हा पेशंट आठ वर्षं मागे राहत होता.

मग एक्सपीकडे वळले. चित्र येण्याआधी एफ८ दाबून जो मेन्यू येतो त्यात एक ओळ असते, 'बिघाड झाल्यास आपोआप रिस्टार्ट करू नको.' ती निवडली. आता निळा पडदा क्षणभर चमकून जायच्या ऐवजी थांबला. त्यावर बरंच इंग्रजी, आणि तळाला शून्यांच्या रांगेनंतर ७बी.

७बीचा अर्थ असा : 'ज्या डिस्कवरून मी सुरू होतोय ती डिस्कच मला सापडत नाहीये.'

हे ऐकून अण्णा हसायला लागले. "अरे वा! म्हणजे फांदीवर बसून झाड कुठे विचारतोय."

अगदी तसंच. आणि त्यातच सगळं उत्तर होतं. सुरुवातीचा सगळा माल, म्हणजे लोडर, कर्नल, ड्रायव्हर, डिस्कवरून उचलून आणतो तो बायॉसच्या मदतीने. बायॉस हा गावातला जुना वाटाड्या, डिस्क कशीही जोडलेली असो, त्याला रस्ता माहीत. पण कर्नल जागा झाला की तो वाटाड्याला निरोप देतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्कशी बोलायला लागतो. डिस्कच्या कंट्रोलरशी बोलायच्या दोन भाषा. जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय. एक्सपी २००१ ची, एएचसीआय आली २००४ मध्ये. त्यामुळे एक्सपीला ती वेगळी शिकवल्याशिवाय येत नाही. २०१० मध्ये ज्याने हे मशीन जोडलं त्याने बायॉसच्या सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम आयडीई निवडलं असणार. आणि आता कुणीतरी ते परत एएचसीआय केलं होतं. वाटाड्याने दारापर्यंत सोडलं, किल्ली खिशातून काढली, आणि कुलूप बदललेलं!

कुणी बदललं? कुणीच नाही. बायॉसची सेटिंग्ज ज्या चिमुकल्या मेमरीत असतात ती वीज गेली की विसरते. म्हणून १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून मदरबोर्डावर एक बॅटरी असते. ती ही मेमरी आणि घड्याळ, दोन्ही जिवंत ठेवते. आजकाल ती नाण्यासारखी गोल असते, नाव सीआर२०३२. नावातच माप आहे, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. व्होल्टेज ३. ती म्हातारी व्हायला लागली की बहुतेक वेळा आधी घड्याळ मागे पडतं. मग एक दिवस बायॉस बघतो की सेटिंग्जचा हिशेब लागत नाही, आणि तो कारखान्यातून आली होती तशी सेटिंग्ज परत लावून मोकळा होतो. या बोर्डाच्या कारखान्याच्या मते योग्य भाषा होती एएचसीआय. अण्णांनी एफ१ 'दिला' तो त्याचा निरोप होता.

मी विचारलं, "रात्री भिंतीवरचं बटण बंद करता?"

"म्हणजे काय! रोज," काकू. "वीज चमकली तर?"

ते बरोबरच आहे म्हणा, सांगलीच्या वळवात कोण बटण चालू ठेवेल? फक्त त्याचा एक परिणाम असा, की भिंतीवरचं बटण चालू असेल तर बंद कॉम्प्युटरलाही थोडी वीज मिळत राहते आणि त्या बॅटरीला आराम पडतो. बटण बंद केलं की सगळा भार तिच्यावर. आठ वर्षं रोज रात्रपाळी केली होती बिचारीने.

अण्णा छत्री घेऊन स्वतः गेले आणि घड्याळाच्या दुकानातून चाळीस रुपयांची बॅटरी घेऊन आले. जुनी काढली, नवी बसवली, बायॉसमध्ये जाऊन तारीख लावली, एएचसीआयचं आयडीई केलं, आणि सेव्ह. चित्र आलं. पट्टी फिरली. दोनदा, तीनदा, चारदा... आणि तो ओळखीचा सूर वाजला. हिरवी टेकडी, निळं आकाश, आणि त्यावर अण्णांचं फोल्डर. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. अण्णा काही बोलले नाहीत, खुर्ची पुढे ओढून बसले आणि दीड महिन्यापूर्वी जिथे थांबले होते ते पान उघडलं. सातवी पिढी, धाकटी शाखा.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण शनिवारच होता आणि रविवार हातात होता. मी म्हटलं, "अण्णा, मशीन चालू आहे तोवर हे सगळं बाहेर काढू." मग त्या सॉफ्टवेअरमधून एकेक प्रकरण साध्या मजकुराच्या फाईलीत काढलं आणि त्याचं युनिकोड करायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. वाटतं तितकं सरळ नसतं ते. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, जशी दिसते तशी, आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. त्यामुळे नुसते क्रमांक बदलून भागत नाही, अक्षरं उचलून इकडची तिकडे ठेवावी लागतात. पहिल्या फेरीत आमच्या खापरपणजोबांचं नाव असं काही झालं होतं की अण्णा म्हणाले, "हा माणूस आपल्यातला वाटत नाही." रविवारी दुपारपर्यंत बऱ्यापैकी जमलं. एक प्रत अण्णांच्या पेनड्राइव्हवर, एक माझ्याबरोबर पुण्याला. उरलेलं मुद्रितशोधन अण्णांनी पुढचे सात-आठ महिने मेलवर केलं. मी दुरुस्त पानं पाठवायची, त्यांनी लाल शाईने खुणा करून स्कॅन पाठवायचे.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेला पूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. अण्णा-काकू वेळेत मिरजेला ताईकडे गेले होते म्हणून निभावलं. घरात पाणी छतापर्यंत चढलं. उतरल्यावर आत गेलो तर गाळाखाली तो कॉम्प्युटर होता, डाँगलसकट. फुलस्केप कागदांचे गठ्ठे होते, त्यांचा लगदा झाला होता. जोडकार्डं, चोपड्यांतून उतरवलेली नावं, सगळं. अण्णांनी तो लगदा हातात घेऊन बघितला आणि ठेवून दिला. मग विचारलं, "तुझ्याकडची प्रत नीट आहे ना?"

नीट होती. कुलवृत्तांत २०२१ मध्ये छापून झाला. त्यात धाकट्या शाखेची एक पिढी आजही रिकामी आहे. अण्णांनी तिथे चौकट ठेवून लिहिलंय, 'या पिढीची नावे मिळाली नाहीत', आणि खाली पुढची पिढी सुरू केली आहे. कॉम्प्युटरच्या साखळीला तेवढं जमत नाही. एक कडी हरवली की तो तिथेच अडतो, रिकामी चौकट ठेवून पुढे जात नाही.

आणि हे जुन्या मशीनचंच आहे असं समजू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली विंडोजची सुमारे ८५ लाख मशीन अशीच अडकवली. निळा पडदा, रिस्टार्ट, पुन्हा निळा पडदा. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि उपाय? बऱ्याच मशीनसमोर प्रत्यक्ष कुणीतरी बसायचं, सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाईल काढून टाकायची. इतकं सगळं क्लाउडमध्ये गेल्यावरही शेवटी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकून एसटी पकडणारा माणूस लागतोच.

असो. विकांत आहे, तुमच्यापैकी बरेच जण घरी जाणार असाल. गेलात तर दहा मिनिटं काढा. घरच्या मशीनमधली तारीख बरोबर आहे का बघा. मागे पडत असेल तर ती बॅटरी आजच बदला, आणि बदलण्याआधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आई-बाबांचा लॅपटॉप नवा असेल तर त्याची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. तिची रिकव्हरी की कुठे आहे ते शोधून कागदावर लिहून ठेवा, नाहीतर एखादं सेटिंग बदललं की तो ती मागेल आणि ती कुणालाच माहीत नसेल. त्यांचं जे काही परत होणार नाही असं आहे, फोटो असोत, पाककृती असोत, सोसायटीचे हिशेब असोत, त्याची एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा.

आणि फोनवर 'काही नाही गं, चाललंय' असं ऐकलं असेल, तरी स्वतः एकदा बटण दाबा. चहाला जाऊ नका. डेस्कटॉप येईपर्यंत तिथेच बसा.